गव्हाच्या लागवडीचा उगम

रानात आपोआप उगवणाऱ्या गव्हाचे दाणे वेचून खाणे, पुढे तोच गहू मुद्दाम पेरणे आणि अखेरीस वर्षभराच्या निर्वाहासाठी त्यावर अवलंबून राहणे, या मानवाच्या वाटचालीला गव्हाच्या लागवडीचा उगम असे म्हणता येईल. ही वाटचाल पश्चिम आशियात घडली. तिचे तीन टप्पे वेगळे ओळखावे लागतात. रानटी गहू आहारात असल्याचा पुरावा सु. २३,००० वर्षांपूर्वीचा आहे. रानटी गव्हाची हेतुपूर्वक पेरणी सु. ११,५०० वर्षांपूर्वीपासून सुरू झाली असावी. माणसाने पेरल्याखेरीज ज्याचा वंश टिकत नाही असा माणसाळलेला गहू सु. १०,५०० वर्षांपूर्वी दिसू लागतो आणि त्यानंतरही कित्येक शतके तो शेतात रानटी गव्हाबरोबर मिसळलेलाच आढळतो. खाणे, पेरणे आणि माणसाळविणे या तीन गोष्टी एकाच शोधातून एकदम घडल्या, ही पूर्वीची समजूत त्यामुळे मागे पडली आहे.

पुराव्याचे स्वरूप : धान्य सहसा कुजून नष्ट होते, परंतु चुलीत किंवा आगीत सापडून ते कोळशासारखे झाले, तर हजारो वर्षे टिकते. उत्खननातील माती पाण्यात ढवळली असता असे जळके दाणे व ओंबीचे तुकडे वर तरंगतात आणि ते बारीक चाळणीने वेगळे करता येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रूढ झाल्यावर पुराव्यात मोठी भर पडली. दाण्याच्या आकारापेक्षाही ओंबीच्या सांध्यावरील खूण अधिक बोलकी असते. आपोआप गळून पडलेल्या रानटी गव्हाच्या सांध्यावर गुळगुळीत वण असतो. मळणी करून तोडलेल्या माणसाळलेल्या गव्हाचा सांधा खडबडीत, फाटलेला दिसतो. याशिवाय पाट्यांच्या खाचांत अडकलेले पिष्टकण, गवताच्या काडीतील सिलिकेमुळे दगडी विळ्यांच्या पात्यांवर आलेली चकाकी, कच्च्या विटांतील भुशाचे ठसे आणि माणसांच्या सांगाड्यांतील दात व हाडे यांचाही आधार घेतला जातो. काळ ठरविण्यासाठी जळक्या दाण्यांचेच कार्बन–१४ मापन करता येते.

गव्हाचे पूर्वज : गव्हाच्या ट्रिटिकम या प्रजातीतील जाती गुणसूत्रांच्या संख्येनुसार तीन गटांत मोडतात. पहिल्या गटातील जातींत १४ गुणसूत्रे असतात. एकदाणी गहू (आइनकॉर्न) हा या गटातील असून त्याच्या प्रत्येक कणिशकात सामान्यतः एकच दाणा भरतो. दुसऱ्या गटात २८ गुणसूत्रे असतात. एमर म्हणजेच महाराष्ट्रातील खपली गहू, तसेच बन्सी गहू (ड्यूरम) हे या गटात येतात. तिसऱ्या गटात ४२ गुणसूत्रे असून पोळी व पाव यांसाठी आज सर्वत्र वापरला जाणारा सामान्य गहू (ट्रिटिकम एस्टिव्हम) त्यात मोडतो.

या संख्यांमागे दोन नैसर्गिक संकरांचा इतिहास आहे. पहिला संकर माणूस शेती करू लागण्याच्या लक्षावधी वर्षे आधी झाला. ट्रिटिकम उरार्टू हे रानटी गवत आणि एजिलॉप्स स्पेल्टॉइडिसचे जवळचे आप्त असलेले दुसरे गवत यांच्या संकरातून, दोहोंचे गुणसूत्रसंच एकत्र येऊन, रानटी एमर निर्माण झाला. दुसरा संकर मात्र शेतीनंतरचा आहे. लागवडीखालील २८ गुणसूत्रांचा गहू पूर्वेकडे कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागात पोहोचला, तेव्हा तेथे तणासारख्या उगवणाऱ्या एजिलॉप्स टॉशिआय या गवताशी त्याचा संकर झाला आणि सामान्य गहू जन्मास आला. हे सु. ८,००० ते ९,००० वर्षांपूर्वी घडले असावे. या गवताचा गव्हाच्या घडणीतील वाटा १९४४ मध्ये जपानमध्ये हितोशी किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिला. ४२ गुणसूत्रांचा रानटी गहू कोठेही आढळत नाही, याचे कारण हेच आहे : सामान्य गहू रानात नव्हे, तर शेतात जन्मला.

रानटी गव्हाची जन्मभूमी : पॅलेस्टाइन, जॉर्डन, लेबानन व सिरिया येथून उत्तरेस आग्नेय तुर्कस्तानपर्यंत आणि तेथून इराक–इराणच्या सीमेवरील झाग्रोस पर्वताच्या पायथ्यापर्यंत गेलेल्या अर्धवर्तुळाकार पट्ट्याला सुपीक चंद्रकोर म्हणतात. येथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा लांब व कोरडा असतो. अशा हवामानात वर्षायू गवताला पावसाच्या दिवसांत झपाट्याने वाढून उन्हाळा बियांच्या रूपाने काढावा लागतो. म्हणून त्याचे बी मोठे व पिठूळ असते. हाच गुण माणसाच्या उपयोगी पडला. ओकच्या विरळ रानांत आणि खडकाळ उतारांवर रानटी गहू व सातू आजही शेतासारखे दाट उगवतात. रानटी एमर १९०६ मध्ये कृषितज्ञ आरोन आरोनसन यांना गॅलिलीच्या परिसरात आढळला आणि लागवडीच्या गव्हाचा पूर्वज जिवंत स्वरूपात अभ्यासता येऊ लागला. एकदाणी गव्हाच्या रानटी व लागवडीतील नमुन्यांची आनुवंशिक तुलना १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार लागवडीतील एकदाणी गव्हाचे सर्वांत जवळचे रानटी आप्त आग्नेय तुर्कस्तानातील काराजादाग या डोंगराच्या परिसरात आढळतात. एमरची जडणघडण अधिक गुंतागुंतीची असून तिच्यात या पट्ट्याच्या एकाहून अधिक भागांतील रानटी गव्हांचा अंश दिसतो.

लागवडीपूर्वीचा आहार : गॅलिली सरोवराची पातळी १९८९ मध्ये खाली गेली, तेव्हा त्याच्या काठी ओहालो–२ हे वसतिस्थान उघडे पडले. सु. २३,००० वर्षांपूर्वीच्या या ठिकाणी फांद्यांच्या झोपड्या, गवताची अंथरुणे, माशांची हाडे आणि शेकडाहून अधिक वनस्पतींचे अवशेष मिळाले. त्यांत रानटी सातू व थोडा रानटी एमर होता; एका सपाट दगडावर सातूसारख्या धान्याचे पिष्टकणही होते. हिमयुगाच्या ऐन कडाक्यातील हे लोक शिकारी व संग्राहक होते, तरी धान्य कुटून खाण्याची कला त्यांना अवगत होती. नांगरट किंवा खणलेल्या जमिनीत वाढणाऱ्या तणांच्या बियाही तेथे मिळाल्या असून, त्यावरून मर्यादित प्रमाणात पेरणीचे प्रयोगही झाले असावेत, असे मत २०१५ मध्ये मांडण्यात आले. तसे झाले असले, तरी त्या प्रयोगांतून सलग शेती उभी राहिली नाही.

सु. १५,००० वर्षांपूर्वीपासून पूर्व भूमध्य प्रदेशात नाटुफियन संस्कृती नांदत होती. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ डोरोथी गॅरॉड यांनी १९२८ मध्ये केलेल्या उत्खननानंतर वादी अन्-नतूफ या ओढ्यावरून तिला हे नाव दिले. अर्धवट जमिनीत खणलेली दगडी पायाची गोल घरे, दगडी उखळे आणि हाडाच्या मुठीत चकमकीची पाती बसविलेले विळे ही तिची वैशिष्ट्ये होत. जॉर्डनच्या ईशान्येकडील शुबैका–१ येथील नाटुफियन चुलींत सु. १४,४०० वर्षांपूर्वीचे सपाट भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. त्यांत रानटी एकदाणी गहू, सातू यांसारख्या धान्यांबरोबर लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीचे कंदही दळून मिसळलेले होते. शेतीमुळे भाकरी शक्य झाली, असा साधा क्रम येथे उलटा होतो : भाकरीसारखा पदार्थ शेतीच्या सु. ४,००० वर्षे आधीचा ठरतो. त्यासाठी सोलणे, दळणे, मळणे व भाजणे हा सारा खटाटोप करावा लागत असल्यामुळे तो रोजचे अन्न नसून प्रसंगविशेषाचे असावे.

रानटी गव्हापासून किती अन्न मिळू शकते, याचा प्रत्यक्ष प्रयोग अमेरिकन वनस्पतिवैज्ञानिक जॅक हार्लन यांनी काराजादागच्या उतारावर केला व तो १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. लाकडी मुठीत चकमकीची पाती बसविलेल्या विळ्याने रानटी एकदाणी गहू कापून त्यांना तासाला सु. १ किग्रॅ. स्वच्छ दाणा मिळेल इतके पीक गोळा करता आले. गहू पायथ्याशी आधी व माथ्याकडे नंतर पिकत असल्याने कापणी चढाच्या दिशेने सरकत तीन आठवड्यांहून अधिक काळ चालू शकते. तेवढ्या अवधीत एका कुटुंबाला वर्षभराच्या गरजेहून अधिक धान्य साठविता येईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निष्कर्षाने एक नवा प्रश्न उभा केला. फुकट उगवणारे धान्य हाताशी असताना माणसाने जमीन खणणे, पेरणे व राखणे हे कष्ट का पत्करले?

पेरणीची कारणे : या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात ‘नवाश्मयुगीन क्रांती’ ही संकल्पना रूढ केली. हिमयुगानंतर हवा कोरडी होऊन माणसे, जनावरे व वनस्पती मोजक्या पाणथळ जागी एकवटली आणि त्या सहवासातून शेती जन्मली, असे त्यांनी मांडले. अमेरिकेचे रॉबर्ट ब्रेडवुड यांनी १९४८ पासून इराकमधील जार्मो येथे उत्खनन करून या मताची कसोटी पाहिली. त्यांना असा दुष्काळ दिसला नाही. उलट रानटी धान्ये जेथे मुळातच उगवत होती, त्या डोंगरपायथ्याच्या प्रदेशात शेतीची प्राचीन खेडी सापडली. आपल्या परिसराची पुरेशी ओळख झाल्यावर माणूस शेतीकडे वळला, असे त्यांचे मत होते. लुइस बिनफोर्ड यांनी १९६८ मध्ये लोकसंख्येच्या दाबावर भर दिला. समृद्ध भागातील लोक वाढून कडेच्या भागात सरकले आणि तेथे धान्य रानात कमी असल्याने ते पेरणे भाग पडले, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

हवामानाचा इतिहास आता अधिक तपशिलाने कळला आहे. सु. १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी हवामान पुन्हा एकदा थंड व कोरडे झाले होते. या काळाला यंगर ड्रायस असे म्हणतात. त्या अवधीत रानटी धान्याची राने आक्रसली असावीत. तथापि निर्विवाद पेरणीचे पुरावे त्यानंतरच्या उबदार, ओलसर आणि पूर्वीपेक्षा स्थिर हवामानातील आहेत. जॉर्डनमधील ध्रा येथे सु. ११,३०० वर्षांपूर्वी, म्हणजे धान्य अजून रानटीच असताना, जमिनीपासून उचललेल्या तळाची धान्यकोठारे बांधलेली होती. सिरियातील युफ्रेटीसकाठच्या जर्फ अल्-अहमर या खेड्यातही रानटी धान्य मोठ्या प्रमाणावर साठविले व दळले जात होते. काराजादागपासून फार दूर नसलेल्या गोबेक्ली तेपे येथे त्याच सुमारास, इ. स. पू. ९५०० नंतर, प्रचंड कोरीव दगडी स्तंभ उभारले गेले. तेथे जमणाऱ्या समुदायाच्या भोजनासाठी धान्य लागत असणार. त्यामुळे एकाच कारणाऐवजी स्थिर वस्ती, साठवण, सामूहिक समारंभ व वाढती लोकसंख्या ही सर्व परस्परांना पोषक ठरली, असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. साठवण एकदा सुरू झाली की कोठार सोडून भटकणे कठीण होते, आणि एका जागी राहणाऱ्यांना जवळपास धान्य हवे असते.

न गळणारी ओंबी : रानटी व माणसाळलेला गहू यांतील निर्णायक फरक दाण्यात नसून ओंबीच्या मधल्या अक्षात असतो. रानटी गव्हाची ओंबी पिकताच वरून खाली सुटी होत जाते आणि कुसळांसह बाणासारखी कणिशके जमिनीवर गळतात. दिवसा कोरड्या व रात्री दमट हवेत ही कुसळे वाकतात व सरळ होतात आणि त्या हालचालीने बी मातीत ढकलले जाते. रानटी एमरच्या कणिशकातील दोन दाण्यांपैकी एक पहिल्या पावसात रुजतो, तर दुसरा बहुधा पुढील वर्षापर्यंत सुप्त राहतो. एखादे वर्ष कोरडे गेले, तरी वंश बुडत नाही. निसर्गात उपयुक्त असलेले हे गुण कापणी करणाऱ्याला मात्र नुकसानीचे ठरतात.

क्वचित एखाद्या रोपात उत्परिवर्तन होऊन अक्ष चिवट बनतो. त्याची ओंबी गळत नाही. रानात अशा रोपाचे बी काडीवरच राहून पाखरांच्या भक्ष्यस्थानी पडते. परंतु विळ्याने कापून घरी नेलेल्या पेंढीत न गळणाऱ्या ओंब्यांचे प्रमाण रानातल्यापेक्षा जास्त येते. त्यातलेच बी पुन्हा पेरले, तर ते प्रमाण पिढ्यानुपिढ्या वाढत जाते. येथे माणसाने जाणूनबुजून निवड केली असे मानण्याची गरज नाही. कापणीच्या रीतीतूनच ती नकळत होते. मात्र त्यासाठी काही अटी आहेत. ओंब्या झोडपून दाणे टोपलीत पाडले, पीक हिरवे असतानाच कापले, जमिनीवर गळलेले दाणे वेचले किंवा मागील वर्षी गळलेल्या बियांतूनच शेत उगवू दिले, तर निवड होत नाही.

ब्रिटनचे गॉर्डन हिलमन व स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९० मध्ये प्रयोग व गणित यांच्या साह्याने दाखविले की, अटी अनुकूल असल्यास हा बदल २० ते २०० वर्षांतही पूर्ण होऊ शकेल. प्रत्यक्ष अवशेष वेगळी हकीकत सांगतात. केन-इची तान्नो व जॉर्ज विलकॉक्स यांनी तुर्कस्तान व सिरियातील स्थळांवरील सांधे तपासून २००६ मध्ये असे दाखविले की, न गळणारा गहू सावकाश वाढत गेला आणि गळणारा गहू सु. ७,५०० वर्षांपूर्वीही शेतात सर्रास होता. अटी सहजासहजी पाळल्या जात नव्हत्या, पीक बुडाल्यावर पुन्हा रानातून बी आणावे लागत होते आणि रानटी गव्हाशी संकरही होत होता, अशी या संथपणाची कारणे सांगितली जातात.

आनुवंशिकीनेही या विलंबाचे एक कारण पुरविले आहे. २०१७ मध्ये रानटी एमरच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. एमरमध्ये दोन पूर्वजांचे संच असल्यामुळे ओंबी ठिसूळ ठेवणाऱ्या जनुकाच्याही दोन प्रती आहेत. एकीत बिघाड झाला, तरी दुसरी आपले काम करते. दोन्ही प्रती निकामी झाल्यावरच अक्ष पूर्णपणे चिवट होतो. म्हणजे एमरच्या बाबतीत दोन स्वतंत्र उत्परिवर्तने एका वंशात एकत्र यावी लागली. इराणमधील चोगा गोलान येथे रानटी सातू इत्यादींची मशागत सु. ११,७०० वर्षांपूर्वीपासून दिसते, पण माणसाळलेल्या एमरचा पुरावा सु. ९,८०० वर्षांपूर्वीचा आहे. शेती चंद्रकोरीच्या पश्चिम व पूर्व अशा दोन्ही टोकांना आकार घेत होती, हेही त्यावरून दिसते.

दाण्यापासून अन्न : ओंबी चिवट झाली तरी पहिल्या गव्हांचा दाणा तुसात घट्ट अडकलेलाच होता. मळणीनंतर कणिशके सुटी होत, पण दाणा मोकळा होत नसे. तो उखळात कांडून, पाखडून वेगळा करावा लागे. खपली गव्हाच्या बाबतीत हे आजही करावे लागते आणि त्याचे नावही या खपल्यांवरूनच पडले आहे. पुढे तूस मऊ करणारी व दाणा सहज सुटू देणारी उत्परिवर्तने निवडली गेली आणि मळताच मोकळा होणारा गहू मिळाला. मध्य तुर्कस्तानातील चाताल ह्यूयूक या वसाहतीत इ. स. पू. सातव्या सहस्रकात तो लागवडीत होता. तुसाचा गहू मात्र लगेच मागे पडला नाही. साठवणीत कीड व ओल यांपासून तूस दाण्याचे रक्षण करते, म्हणून अनेक प्रदेशांत तो हजारो वर्षे टिकला.

गव्हाचा सुरुवातीचा वापर भाजलेले दाणे, भरड्याची पेज किंवा लापशी आणि राखेत अथवा तापल्या दगडावर भाजलेली जाड भाकरी या स्वरूपांत होत असावा. हे सारे दळण पाट्यावर होई. गुडघे टेकून, पायाची बोटे मागे दुमडून, संपूर्ण शरीराच्या रेट्याने वरवंटा पुढेमागे न्यावा लागे. फिरते जाते फार नंतरचे, इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील आहे. सिरियातील युफ्रेटीसकाठच्या अबू हुरेरा या खेड्याचे उत्खनन १९७२-७३ मध्ये, धरणाच्या जलाशयात ते बुडण्यापूर्वी, घाईने करण्यात आले. तेथील सांगाडे तपासून थिया मॉलसन यांनी मणक्याचा खालचा भाग, गुडघे व पायाचा अंगठा यांतील विकृती नोंदविल्या. त्या मुख्यतः स्त्रियांच्या सांगाड्यांत होत्या आणि रोज कित्येक तास गुडघ्यांवर बसून दळण्याचा तो परिणाम असल्याचे त्यांनी दाखविले. पीठात मिसळलेल्या दगडाच्या कचीमुळे दातही झिजत. शेतीचे वर्णन नांगर व विळा यांच्या भाषेत करण्याची रीत आहे. धान्याचे अन्न करण्याचे कष्ट कोणी केले, याची नोंद हाडांनी ठेवली आहे.

प्रसार : लागवडीचा गहू मसूर, वाटाणा, हरभरा, जवस, सातू आणि शेळ्या–मेंढ्या यांच्यासह पसरला. सायप्रस बेटावर एमर सु. १०,६०० वर्षांपूर्वी नावेतून पोहोचला होता. ग्रीस व क्रीटमध्ये इ. स. पू. सातव्या सहस्रकात, मध्य यूरोपात सु. ५५०० मध्ये आणि ब्रिटनमध्ये सु. ४००० मध्ये गव्हाची शेती आली. आल्प्स पर्वतातील हिमनदीत १९९१ मध्ये सापडलेल्या, सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवी शवाच्या पोटात एकदाणी गहू होता. ईजिप्तमध्ये पाव व बीर या दोहोंसाठी एमरच वापरला जाई आणि ग्रीक अंमल येईपर्यंत त्याचे स्थान अढळ होते. चीनमध्ये गहू इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात पोहोचला. तेथे तो वाफवून किंवा उकडून खाण्याच्या जुन्या पद्धतीत सामावला गेला.

भारतीय उपखंडातील सर्वांत प्राचीन गहू बलुचिस्तानातील बोलन खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या मेहरगढ येथील आहे. झां-फ्रांस्वा झारिज यांच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून झालेल्या या उत्खननात सातूचे प्राबल्य आणि त्याबरोबर एकदाणी, एमर व मोकळ्या दाण्याचा गहू आढळला. या वसाहतीचा आरंभ इ. स. पू. ७००० च्या सुमाराचा मानला जात असे. तथापि दफनांतील मानवी दातांच्या कार्बन–१४ मापनावर आधारलेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो इ. स. पू. ५२०० ते ४९०० च्या दरम्यान आणला आहे. सिंधू संस्कृतीत गहू व सातू ही रब्बीची मुख्य पिके होती. मोहें-जो-दडो येथे मिळालेला आखूड, गोल दाण्याचा गहू (ट्रिटिकम स्फीरोकॉकम) हा याच उपखंडात विकसित झालेला प्रकार समजला जातो. ऋग्वेदात गव्हाचा उल्लेख नाही. ‘गोधूम’ हा शब्द यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतील धान्यांच्या यादीत येतो. नर्मदाकाठच्या नवदाटोली येथे आणि महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत गहू मिळाला आहे. इनामगावला मात्र कमी पाण्यावर येणारा सातूच प्रमुख होता.

परिणाम : गव्हाने माणसाला अधिक सुखी केले की नाही, याचे उत्तर सरळ नाही. पश्चिम आशियातील व यूरोपातील आरंभीच्या अनेक शेतकरी समाजांच्या सांगाड्यांत उंची घटल्याच्या, दात किडल्याच्या आणि बालपणीच्या उपासमारीच्या खुणा आढळतात. आहारातील विविधता कमी झाली व दाट वस्तीमुळे साथी पसरल्या. दुसऱ्या बाजूने, एकाच क्षेत्रावर कितीतरी अधिक माणसे जगू लागली, मुलांमधील अंतर कमी झाले आणि शिल्लक धान्यावर कारागीर, पुरोहित व शासक पोसले गेले. संख्या वाढल्यावर रानातील वेचणीकडे परतण्याची वाट उरली नाही. न गळणारा गहू माणसावाचून जगू शकत नाही आणि त्याच्यावर वाढलेला समाज गव्हावाचून जगू शकत नाही, असे हे परस्परावलंबन आहे.

रानटी आप्तांचे महत्त्व : लागवडीच्या प्रत्येक टप्प्यावर मोजक्या रोपांचीच संतती पुढे आली. सामान्य गव्हाला जन्म देणारे संकर तर फारच थोड्या रोपांत झाले. म्हणून त्याने एजिलॉप्स टॉशिआयमधील विविधतेचा लहानसा अंशच वारशाने घेतला. विविधता कमी असलेले पीक नव्या रोगाला एकदम बळी पडू शकते. युगांडात १९९८ मध्ये आढळलेल्या आणि ‘यूजी ९९’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्या तांबेऱ्याने हा धोका जगापुढे आणला. त्याला प्रतिकार करणारी दोन जनुके २०१३ मध्ये वेगळी करण्यात आली. त्यांपैकी ‘एसआर ३५’ हे एकदाणी गव्हातील, तर ‘एसआर ३३’ हे एजिलॉप्स टॉशिआयमधील आहे. पिवळ्या तांबेऱ्याला रोखणारे ‘वायआर १५’ हे रानटी एमरमधून आले आहे. भारतातील खपली गहूही काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निवडलेल्या प्रमाण वाणांत होता आणि त्याच्यापासून प्रतिकारक जनुके घेण्यात आली आहेत.

गव्हाच्या जन्मभूमीतील रानटी गहू, सातू व त्यांचे आप्त यांच्या बियांचा मोठा संग्रह सिरियात अलेप्पोजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात (इकार्डा) होता. तेथील यादवी युद्धामुळे २०१२ नंतर केंद्राचे काम अन्यत्र हलवावे लागले. संग्रहाचा बराचसा भाग नॉर्वेच्या स्वालबार येथील, २००८ मध्ये उघडलेल्या बीजभांडारात आधीच पाठविलेला होता. २०१५ मध्ये त्या भांडारातून प्रथमच बी बाहेर काढण्यात आले आणि लेबानन व मोरोक्को येथे पेरून त्याची नवी पिढी तयार करण्यात आली. पुढे या नव्या बियांचा काही भाग पुन्हा स्वालबारला ठेव म्हणून पाठविण्यात आला.